मँडरिन अवघड, पण कुणाला?

चिनी भाषा अवघड, हे आपण ती शिकायला घेण्याआधीच पाठ केलेलं असतं. त्याला आकड्यांचा आधारही मिळतो. अमेरिकी परराष्ट्र खात्याची फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या मुत्सद्द्यांना परक्या भाषा शिकवते. तिच्या हिशेबाने मँडरिनला ८८ आठवडे, म्हणजे सुमारे २२०० तास लागतात आणि हिंदीला साधारण निम्मे. हा आकडा जिथे तिथे फिरतो, पण तो इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाचा आहे आणि कचेरीचं कामकाज त्या भाषेत चालवण्याइतक्या तयारीचा आहे. सोलापूरच्या किंवा नाशिकच्या ज्या माणसाला दोन-चारशे शब्दांत आपलं काम भागवायचं आहे, त्याला यातली एकही अट लागू नाही.

म्हणून इथे प्रश्न एवढाच घेतो: ज्याच्या कानात आणि जिभेवर मराठी आहे त्याने मँडरिनचा श्रीगणेशा केला, तर त्याला खरोखर काय अडतं आणि उगाच काय अडवलं जातं? माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे ही भाषा इंग्रजीच्या दारातून आत येते आणि सुरुवातीच्या बऱ्याच अडचणी त्या दारातच घुटमळणाऱ्या असतात. उरलेल्या अडचणी मात्र अस्सल आहेत. तिथे मराठी काहीही मदत करत नाही.

मँडरिन म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात. पेइचिंगच्या उच्चारांवर बेतलेली ही प्रमाणभाषा. चीनमध्ये तिला फूथोंगह्वा म्हणतात, तैवानात क्वोयू आणि सिंगापुरात ह्वायू. कँटोनीजसारख्या भाषा तिच्या बोली समजल्या जात असल्या तरी ऐकणाऱ्याला त्या सरळ वेगळ्या भाषा आहेत. तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनी, भरगच्च अक्षरं चालतात. चीनमध्ये १९५६ पासून सोपी केलेली चालतात आणि सिंगापूरनेही पुढे तीच उचलली. नवख्याने पहिल्याच दिवशी एक बाजू धरावी आणि दुसरीकडे वर्षभर पाहू नये.

मराठी माणसाची आणि या भाषेची गाठ नवी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथे भाषा शिकले, त्या भाषेत रुग्ण तपासले आणि विद्यार्थ्यांना शिकवलं. १९४२ च्या डिसेंबरात ते तिथेच वारले. चीनमध्ये ते आजही ‘ख तीह्वा’ या नावाने ओळखले जातात. त्याच सुमारास पुण्यात फर्ग्युसन कॉलेजचे पु. वि. बापट ‘विमुत्तिमग्ग’ या बौद्ध ग्रंथाचा अभ्यास त्याच्या चिनी भाषांतरावरून करत होते. अर्थात ती शास्त्रीय चिनी. तिच्यावर बाजारात भाजी मिळणार नाही. आजचा शिकणारा निराळा आहे. चाकणला सानी या चिनी कंपनीचा कारखाना आहे, रांजणगावला हायरचा. यीवूच्या घाऊक बाजारात आणि क्वांगचौच्या जत्रेत माल बघायला जाणारे व्यापारी आहेत, चिनी विद्यापीठांत डॉक्टरकी शिकणारी मुलं आहेत. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परदेशी भाषांच्या यादीत चिनी होती. २०२० च्या जुलैत धोरण आलं, त्यात कोरियन, जपानी, थाई होत्या, चिनी गळाली होती. गलवानच्या चकमकीनंतरचे ते दिवस होते. शेजाऱ्याशी वाकडं आलं की त्याची भाषा शिकणं बंद करायचं, हा शहाणपणा मला कधी कळलेला नाही. असो.

आता उच्चार. इथे जरा रेंगाळायला हवं, कारण मराठी माणसाची कमाई इथेच आहे आणि ती तो वाया घालवतो.

चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायच्या पद्धतीला फिनयिन म्हणतात. चौ योउक्वांग हे तिच्या घडणीतलं प्रमुख नाव. १९५८ मध्ये ती अधिकृत झाली आणि हे गृहस्थ १११ वर्षं जगून २०१७ मध्ये गेले. पद्धत उत्तम आहे, पण ती इंग्रजीसाठी केलेली नाही. तिच्यातल्या ‘बी’चा उच्चार आपल्या ‘ब’सारखा नाही, तो ‘प’ आहे. ‘पी’ म्हणजे ‘फ’, तोही ओठ मिटून उघडलेला जुन्या वळणाचा ‘फ’. ‘डी’ म्हणजे ‘त’, ‘टी’ म्हणजे ‘थ’, ‘जी’ म्हणजे ‘क’, ‘के’ म्हणजे ‘ख’. अल्पप्राण आणि महाप्राण हा जो भेद इंग्रज विद्यार्थ्याला महिनाभर घोटवावा लागतो, तो आपण बाराखडीबरोबर गिळलेला असतो. पण रोमन अक्षर समोर आलं की आपण तो विसरतो. ‘पी’ दिसला की आपल्या शाळेतल्या इंग्रजीप्रमाणे ‘प’ म्हणतो, आणि चिनी कानाला तो ‘बी’ लागतो.

उदाहरण घ्या. ‘वो पाओ ल’ म्हणजे माझं पोट भरलं. ‘वो फाओ ल’ म्हणजे मी पळालो. फिनयिनमध्ये पहिल्यात ‘बी’ आहे, दुसऱ्यात ‘पी’, आणि सूर दोन्हींचा एकच. आपल्याकडचा विद्यार्थी पहिलं ‘बाओ’ वाचतो. चिनी भाषेत ‘ब’ असा घोष उच्चार नसल्यामुळे ऐकणारा ते सांभाळून घेतो. दुसरं तो ‘पाओ’ वाचतो आणि ‘मी निघालो’ म्हणता म्हणता ‘मी जेवून तृप्त आहे’ असं सांगून बसतो. तीच गोष्ट ‘तूच’ आणि ‘थूच’ची: पहिलं पोट, दुसरा ससा. दोन्ही शब्द देवनागरीत लिहून वाचले तर चूक होणं कठीण. हिंदीतली काही वृत्तपत्रं चीनच्या अध्यक्षांचं नाव ‘शी चिनफिंग’ लिहितात. मराठीत ‘जिनपिंग’ रुळलं, पण हिंदीवाले मूळ उच्चाराच्या जास्त जवळ आहेत.

मराठीचा खास हुकमाचा पत्ता म्हणजे तिचे दोन ‘च’. ‘चार’मधला वेगळा, ‘चाक’मधला वेगळा. मँडरिनमध्ये हे दोन्ही आहेत: फिनयिनचा ‘जे’ म्हणजे ‘चार’चा च, ‘झेड’ म्हणजे ‘चाक’चा च. हिंदीभाषकाला दुसरा मुद्दाम शिकावा लागतो. ‘क्यू’ म्हणजे ‘छ’, ‘एक्स’ म्हणजे ‘श’. ‘सी’ मात्र आपल्याला नवा, कारण मराठीत च, ज, झ यांना दंत्य जोडीदार आहेत, ‘छ’ला नाही. ‘चाक’चा च महाप्राण करून म्हटला की तो साधतो. जीभ मागे वळवून म्हणायचा आणखी एक च-छ-ष असा गट आहे. आपण ‘ष’ लिहितो पण बोलताना ‘श’च म्हणतो, इथे तो आळस चालत नाही. आणि ओठांचा चंबू करून म्हटलेली ‘ई’ मराठीत कुठेच नाही, ती आरशासमोर बसून शिकायची.

चिनी व्यंजनांचा तक्ता ज्या क्रमाने शिकवतात तोही बघण्यासारखा आहे. प फ म, त थ न, क ख ह, मग तालव्य, मग मूर्धन्य. आधी अल्पप्राण, मग महाप्राण, मग अनुनासिक. आपल्या वर्गांमधून ब-भ, द-ध काढून टाकले की उरतं तेच. हा योगायोग नाही. बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृतचा वर्णविचार चीनमध्ये गेला. थांग काळाच्या अखेरीस शोउवन नावाच्या भिक्षूच्या नावावर छत्तीस व्यंजनांची जी यादी चालते, ती उच्चारस्थानांनुसार लावलेली आहे. म्हणजे इंग्रजीतून जो तक्ता परका वाटतो, तो आपल्याला निम्मा ओळखीचा निघतो.

मग फिनयिन सोडून सगळं देवनागरीत लिहावं का? नाही. शब्दकोश, मोबाइलवरचं टंकन, परीक्षा, सगळं फिनयिनवर चालतं. पहिले काही आठवडे वहीत फिनयिनशेजारी देवनागरी लिहावी, कान बसला की सोडून द्यावी. काही क्लासांत देवनागरी लिहिली की रागावतात. त्यांचा राग इंग्रजी पाठ्यपुस्तकाबरोबर आयात झालेला आहे, असं माझं मत.

सुरांपाशी मात्र मराठीची पुण्याई संपते. चार सूर: पहिला उंच आणि सपाट, दुसरा चढता, तिसरा खालचा, चौथा वरून खाली आपटणारा. शिवाय एक हलका, सुराविना. सूर धरले नाहीत तर मँडरिनमध्ये जेमतेम चारशे अक्षरोच्चार उरतात, सुरांसह सुमारे तेराशे. एवढ्याशा भांडवलावर सगळी भाषा चालते, त्यामुळे सूर ही सजावट नाही, शब्दाचा अर्धा देह आहे. ‘माय’ तिसऱ्या सुरात म्हणजे विकत घेणं, चौथ्या सुरात म्हणजे विकणं. व्यापाऱ्यासाठी याहून महत्त्वाचा फरक दुसरा नसेल.

आपली खोड अशी की सूर आपण वाक्याला लावतो. प्रश्न विचारताना आवाज वर जातो, खात्री सांगताना खाली येतो. चिनी शब्द म्हणतानाही शंका आली की मराठी माणूस शेवट वर उचलतो आणि चौथ्या सुराचा शब्द दुसऱ्या सुराचा होऊन बसतो. म्हणजे बिचाऱ्याला शब्द येत असतो. आपल्याला तो येतो याची खात्री नसते म्हणून तो चुकतो.

पुस्तकं इथे थोडी दिशाभूल करतात. तिसरा सूर ती खाली जाऊन वर येणारा दाखवतात, पण चालू बोलण्यात तो बहुतेक वेळा नुसता खाली राहतो. तो ‘खालचा सूर’ म्हणूनच आधी शिकावा, वरची शेपटी नंतर. दोन तिसरे सूर लागोपाठ आले की पहिला दुसऱ्यासारखा होतो. गंमत म्हणजे पहिल्या धड्यातला पहिला शब्द ‘नी हाओ’ याच अपवादाचा, त्यामुळे नियम शिकण्याआधीच मोडावा लागतो. सुटे सूर घोटण्यापेक्षा शब्दांच्या जोड्या घोटाव्यात. चार सुरांच्या सोळा जोड्या आणि हलक्या सुराच्या चार, एवढ्या वीस चाली गळ्यात बसल्या की दोन अक्षरी शब्द आपोआप नीट पडतात, आणि मँडरिनमध्ये दोन अक्षरी शब्दांचीच चलती आहे. गाणाऱ्यांना हे सोपं जातं असं म्हणतात. माझ्या मते गळ्यापेक्षा निर्लज्जपणा जास्त उपयोगी पडतो.

व्याकरणाची भीती सगळ्यात जास्त आणि सगळ्यात निराधार. लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही, क्रियापद कधी बदलत नाही. ‘तो’ आणि ‘ती’ दोन्ही ‘था’, फक्त लिहिताना वेगळे. तीन लिंगं सांभाळून बोलणाऱ्याला हे सुट्टीसारखं वाटतं. क्रियापद कर्माच्या आधी येतं, एवढा एक मोठा बदल. बाकी जागोजागी मराठी वाक्य डोकावतं. प्रश्न करायला शेवटी आपण ‘का’ लावतो, ते ‘मा’ लावतात: ‘नी हऽ छा मा?’ म्हणजे ‘तू चहा पितोस का?’ ‘काल घेतलेलं पुस्तक’ हे चिनीत ‘च्वोथ्येन माय त षू’, काल-घेतलेलं-पुस्तक, शब्दाला शब्द. इंग्रजीवाल्याला इथे वाक्य उलटं करावं लागतं आणि पुस्तकं त्यावर अख्खा धडा खर्च करतात. ‘खाऊन झालं’, ‘वाचून झालं’ याला चिनीत क्रियापदाला ‘वान’ जोडतात. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद इंग्रजीत नाही. उत्तर चीनच्या बोलण्यात ‘चान्मन’ आणि ‘वोमन’ असा तो जसाच्या तसा आहे. चुलता, मामा, आत्या, मावशी यांना वेगळे शब्द असतात हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. फक्त चुलता वडिलांहून मोठा की धाकटा हेही तिथे विचारतात. आणि ओळखीच्याला ‘जेवलास का?’ म्हणून हटकायची रीत तिथल्या जुन्या वळणाच्या माणसांतही आहे.

मोजताना प्रत्येक वस्तूला तिचा मापशब्द लागतो. ‘तीन पुस्तकं’ म्हणता येत नाही, पुस्तकाचं माप ‘पन’ मध्ये घालावंच लागतं. आपल्याकडे ‘चार जण’, ‘सहा नग’ असतात, पण ऐच्छिक, तिथे सक्ती. नवख्याने ‘क’ हे सर्वसाधारण माप सगळीकडे वापरावं, कुणी फाशी देत नाही. खरा त्रास देतो तो ‘ल’ हा छोटा प्रत्यय. तो भूतकाळ नाही. काम पुरं झालं किंवा परिस्थिती बदलली, हे तो सांगतो, आणि कधी लावायचा हे नियमांनी नव्हे, ऐकून ऐकूनच कळतं.

राहिली लिपी. लोक घाबरतात ते हिलाच, आणि ते वावगं नाही. २०१३ च्या चिनी सरकारी यादीत ८१०५ अक्षरं आहेत, त्यांतली ३५०० नित्याची. पण अक्षरं म्हणजे चित्रं, ही समजूत डोक्यातून काढली पाहिजे. सूर्य आणि चंद्र मिळून उजेड, झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती, अशी शंभरेक गोड उदाहरणं प्रत्येक पुस्तकात असतात आणि त्यांच्या जोरावर पुस्तकं खपतात. बहुसंख्य अक्षरं निराळ्या तत्त्वावर उभी आहेत: एक तुकडा अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चाराची.

‘छिंग’ हे एक अक्षर घ्या, अर्थ निळसर हिरवा रंग. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब काढले की पहिल्या सुरातला छिंग, स्वच्छ. थेंबांऐवजी सूर्य काढला की दुसऱ्या सुरातला छिंग, निरभ्र. हृदयाची खूण लावली की पुन्हा दुसऱ्या सुरात, भावना. वाणीची खूण लावली की तिसऱ्या सुरात, विनंती. दुकानात शिरताना ‘या, बसा’ म्हणून जो शब्द ऐकू येतो तो हाच. डोळा लावला की मात्र उच्चार ‘चिंग’ होतो, अर्थ बुबुळ. म्हणजे उच्चाराचा तुकडा खात्री देत नाही, अंदाज देतो. पण पाच अक्षरांचं ओझं त्याने दीडावर येतं. १७१६ च्या खांगशी शब्दकोशाने अर्थाच्या खुणा २१४ धरल्या होत्या. त्यांतल्या पन्नास-साठ ओळखीच्या झाल्या की नवं अक्षर नवं वाटत नाही.

हाताने लिहावं की नुसतं टाइप करावं, यावर शिकणाऱ्यांत दोन तट आहेत. मोबाइलवर फिनयिन टाइप केलं की अक्षरांचे पर्याय येतात, बरोबर तो निवडायचा. चिनी माणसंही दिवसभर हेच करतात आणि त्यापायी लिहायला विसरतात. डेव्हिड मोझर या अमेरिकी अभ्यासकाने एका गाजलेल्या निबंधात सांगितलं आहे की पेकिंग विद्यापीठात चिनी विषयात डॉक्टरेट करणाऱ्या तिघांना शिंकेसाठीचं अक्षर लिहिता येईना. तेव्हा नवख्याने किती जीव काढायचा? चिनी शिकणाऱ्या परदेशीयांसाठीच्या चीनच्या २०२१ च्या निकषांत याचं समंजस उत्तर आहे: प्राथमिक तीन पातळ्यांना ९०० अक्षरं ओळखता यावीत, हाताने लिहिता यावीत ३००. मी तर म्हणेन पहिली दोनशे जरूर लिहावीत, रेषांच्या ठरलेल्या क्रमाने, कारण तुकडे हातातून गेले की डोळ्याला दिसू लागतात. पुढचं टाइप करून भागतं.

एचएसके ही परदेशीयांसाठीची चिनीची परीक्षा. २०१० च्या रचनेत पहिल्या पातळीला १५० शब्द पुरत, दुसरीला ३००. २०२१ च्या निकषांत पहिल्याच पातळीला ५०० शब्द धरले आहेत. त्यामुळे ‘पहिली पातळी झाली’ असं कुणी सांगितलं तर कोणत्या रचनेतली, ते विचारावं. साधनांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्लेको हा शब्दकोश मोबाइलवर असलाच पाहिजे, बोटाने अक्षर काढलं तरी तो शोधून देतो. शब्द टिकवायला अँकी हे उजळणीचं ॲप. खेळासारखी ॲप ओळख पक्की करतात, तोंड उघडत नाहीत, आणि सूर चुकला तरी शाबासकी देतात. आठवड्यातून एकदा का होईना, चूक तोंडावर सांगणारा माणूस हवा.

आणि आकडे पहिल्याच आठवड्यात शिकावेत. एक ते दहा आले की नव्व्याण्णवपर्यंत सगळे येतात, कारण एकवीस म्हणजे दोन-दहा-एक. आपल्या एकोणसाठ-एकोणसत्तरच्या गोंधळापुढे हे वरदान आहे. पुढे मात्र सांभाळा. ते दहा हजाराचं एकक धरतात, ‘वान’. आपला लाख म्हणजे त्यांचे दहा वान, आपला कोटी म्हणजे हजार वान. सौद्याच्या आधी हे रूपांतर तोंडपाठ हवं.

यीवूत एक अडचण आणखी आहे. चार म्हणजे ‘स्’, चौथ्या सुरात. दहा म्हणजे ‘ष्’, दुसऱ्या सुरात. स्वर दोन्हींत नावापुरता. चौदा म्हणजे ‘ष्-स्’, चाळीस म्हणजे ‘स्-ष्’. पण दक्षिणेकडची बरीच माणसं ‘ष’चा ‘स’ करतात, आणि मग चौदा ख्वाय (म्हणजे युआन) आणि चाळीस ख्वाय यांत उरतो फक्त सुरांचा क्रम. कान तयार नसेल तर लाजू नये, बोटांनी विचारावं. चार बोटं म्हणजे चार. दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींवर आडव्या धरल्या की दहा.